शेवटचे गुणोत्तर

काही निर्णय असे असतात, की ते घेतल्याने जगातल्या कोणत्याही वस्तूत तिळमात्र भर पडत नाही. पाटाचे पाणी वाटून देणारा पाटकरी पाऊस पाडीत नाही. धरणात जेवढे पाणी असेल तेवढेच त्याच्या हाती असते. तरीही हंगामाच्या शेवटी कोणाचा ऊस उभा राहिला आणि कोणाचा वाळला, याचा हिशेब त्याच्या वाटपापाशीच येऊन थांबतो. शर्यतीच्या मार्गावर चालवायच्या मोटारीसाठी मागच्या आसाचे अंतिम गुणोत्तर निवडणे, हा याच जातीचा निर्णय होय. त्याने इंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. जी आहे ती कोणत्या वेगाला हाताशी असावी आणि कोणत्या वेगाला नसावी, एवढेच ठरते. आणि तरीही अनेक हौशी चालकांच्या रात्री या एका आकड्यापायी कागद-पेन्सिल घेऊन जागण्यात गेल्या आहेत.

इंजिनाचे फिरणे चाकांपर्यंत दोन टप्प्यांनी पोहोचते. पहिला टप्पा गिअरबॉक्सचा. तो चालकाच्या हातात असतो आणि वळणावळणाला बदलत राहतो. दुसरा टप्पा मागच्या दोन चाकांच्या मधोमध, डिफरन्शियलच्या ओतीव डब्यात असतो. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक तेथे एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. लहान चाकाला पिनिअन म्हणतात, मोठ्याला क्राउन व्हील. गॅरेजमध्ये मात्र ही दोन नावे ‘क्राउन-पिनिअन’ अशी एका श्वासात उच्चारली जातात, आणि ते योग्यच आहे. कारखान्यात ती दोन्ही एकमेकांवर घासून एकमेकांसाठीच तयार केलेली असतात. एकाची जोडी मोडून दुसऱ्याशी जुळवता येत नाही. मोठ्या चाकाच्या दातांना लहान चाकाच्या दातांनी भागले, की येणारा आकडा म्हणजे अंतिम गुणोत्तर. सायकल चालवलेल्या कोणालाही याचा अर्थ पायांनी ठाऊक असतो. मागचे दातेरी चाक मोठे असेल तर चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय नुसतेच गरगरतात. ते लहान असेल तर सपाटीवर सायकल लांब पल्ला मारते, आणि चढावर मांड्या भरून येतात. मोटारीतही मोठा आकडा म्हणजे अधिक रेटा, पण प्रत्येक गिअरचा लवकर येणारा शेवट.

या दातांच्या संख्यांत एक लपलेले शहाणपण आहे. ४.३० हे गुणोत्तर ४३ आणि १० दातांचे, ४.१० हे ४१ आणि १० दातांचे, ४.७८ हे ४३ आणि ९ दातांचे. एक्केचाळीस आणि त्रेचाळीस या दोन्ही मूळ संख्या आहेत. त्यामुळे पिनिअनचा एखादा दात क्राउन व्हीलच्या ज्या दाताला आज भेटला, त्याला तो पुन्हा भेटण्यापूर्वी बाकीच्या सगळ्या दातांना भेटून आलेला असतो. ४३ दातांच्या चाकाशी ही फेरी पिनिअनच्या ४३ आवर्तनांनी पुरी होते. एकाचा दोष एकाच्याच वाट्याला वारंवार येत नाही, झीज सर्वांत सारखी वाटली जाते. वाटपाचा विचार असा या यंत्राच्या दातादातांत आहे.

ज्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वाधिक चर्चिला गेला असेल, ती गाडी शर्यतीसाठी जन्मलेली नव्हती. माझदा कंपनीची मिआटा फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. दोन आसनांची, उघड्या छताची, इंजिन पुढे आणि रेटा मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. तिच्या घडणीचे नेतृत्व करणाऱ्या तोशिहिको हिराई यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे ‘जिनबा इत्ताई’ हे जुने जपानी वचन ठेवले होते. स्वार आणि घोडा यांचे एक शरीर व्हावे, असा त्याचा आशय. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर ११६ अश्वशक्ती देत असे. लाल रेघ ७,००० फेऱ्यांवर होती आणि अंतिम गुणोत्तर होते ४.३०. शक्ती बेताची, म्हणून तिचे वाटप महत्त्वाचे. श्रीमंताघरी हिशेब चुकला तरी खपून जातो. बेताच्या मिळकतीत आण्याआण्याला जागा नेमून द्यावी लागते.

पेच निर्माण झाला तो नंतर. या पहिल्या गाड्यांचे डिफरन्शियल आकाराने लहान होते. रोजच्या रस्त्यावर ते निमूटपणे चाले. परंतु चिकट टायर लावून गाडी शर्यतीच्या मार्गावर पिळून काढू पाहणाऱ्याला त्याचा भरवसा वाटेनासा होई. १९९४पासून कंपनीने १.८ लिटरचे इंजिन आणले आणि त्याच्याबरोबर मोठे, दणकट डिफरन्शियल दिले. जुन्या गाडीच्या मालकाला ते आपल्या गाडीत बसवून घेता येते. पण त्या दणकट डब्यात ४.१०ची जोडी असते. नवे इंजिन अधिक ताकदीचे असल्याने कंपनीला आकडा उतरवणे परवडले होते. जुन्या इंजिनाच्या मालकाला मात्र बळकटीबरोबर ही उतरंड न मागता मिळते. ती स्वीकारावी, की अधिक पैसे मोजून त्याच डब्यात ४.३०ची जोडी बसवून घ्यावी, की आता डबा उघडतोच आहोत तर थेट ४.७८वर जावे, असा तिहेरी प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

हा प्रश्न हवेत सुटत नाही. त्याला भूमी लागते. कॅलिफोर्नियात मॉन्टरे आणि सॅलिनस या गावांच्या मधल्या टेकड्यांत लगूना सेका हा शर्यतीचा मार्ग आहे. सॅलिनस हे जॉन स्टाइनबेकचे जन्मगाव. त्याच्या कथा-कादंबऱ्यांतल्या पिवळ्या, कोरड्या टेकड्या त्या याच. पूर्वी जवळच पेबल बीचच्या झाडीतून जाणाऱ्या रस्त्यांवर शर्यती होत. १९५६मध्ये तेथे अर्नी मॅकफी हा चालक झाडावर आदळून मरण पावला, त्या शर्यती थांबल्या आणि १९५७मध्ये लगूना सेका उभा राहिला. आजची त्याची लांबी ३.६ किलोमीटर आहे आणि त्यात अकरा वळणे आहेत. त्यांतले ‘कॉर्कस्क्रू’ नावाचे जोडवळण गाडीला एखाद्या जिन्यावरून सोडावे तसे सुमारे १८ मीटर खाली उतरवते. शेवटचे, अकरावे वळण फार संथ, आणि त्यानंतर लगेच मुख्य सरळ रस्ता. म्हणजे सर्वांत मंद क्षणानंतर सर्वांत वेगवान क्षण. एकाच आकड्याने या दोहोंची सोय पाहायची असते.

आता हिशेब. १८५/६० मापाच्या, १४ इंची रिमवरच्या टायरचा परीघ १.८१ मीटर भरतो. गिअरबॉक्सची गुणोत्तरे दुसऱ्या गिअरला १.८८८, तिसऱ्याला १.३३० आणि चौथ्याला बरोबर १. त्यावरून ४.३०च्या गाडीत लाल रेघेला दुसरा गिअर ताशी ९४ किलोमीटरवर संपतो, तिसरा १३३वर आणि चौथा १७७वर. ४.१०च्या गाडीत हेच टप्पे ९८, १४० आणि १८६ असे येतात, ४.७८च्या गाडीत ८४, १२० आणि १६०. चाकांपाशी पोहोचणारा रेटा ४.१०पेक्षा ४.३०ला पाच टक्क्यांनी अधिक, आणि ४.७८ला त्याहूनही अकरा टक्क्यांनी अधिक. येथे थांबले तर उत्तर सोपे आहे, मोठा आकडा घ्यावा. येथेच थांबणारे पुष्कळ असतात.

परंतु तिसऱ्या गिअरमध्ये १३३पासून १४०पर्यंतचा वेग पाहावा. ४.३०ची गाडी या पट्ट्यात शिरते तेव्हा तिला चौथा गिअर घ्यावा लागलेला असतो, ४.१०ची गाडी अजून तिसऱ्यातच असते. गिअरबॉक्स आणि आस यांचा गुणाकार केला, तर एकीकडे ४.३० उरतो आणि दुसरीकडे ५.४५. म्हणजे जी गाडी सर्वत्र पाच टक्क्यांनी मागे होती, ती या अरुंद पट्ट्यात एकदम पाव हिश्शाने पुढे जाते. इंजिनाचा जोर लाल रेघेजवळ ओसरत असल्याने प्रत्यक्ष लाभ थोडा कमी भरतो. पण तो असतो. असाच दुसरा पट्टा ९४ आणि ९८ यांच्यामध्ये आहे. ४.३० हा सर्वत्र श्रेष्ठ नाही आणि ४.१० सर्वत्र मंद नाही. एखाद्या वळणाआधीचा सरळ रस्ता १३८वर संपत असेल, तर ४.३०च्या चालकाला केवळ पाच किलोमीटरांसाठी चौथा गिअर टाकावा लागेल आणि लगेच ब्रेक दाबावा लागेल. गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो त्या वेळात चाकांना काहीच मिळत नाही. पाच टक्क्यांनी मिळवलेले तेथे एका हालचालीत खर्ची पडते. तेव्हा खरा प्रश्न ‘किती रेटा’ हा नसून ‘शेवट कोठे यावा’ हा आहे. गिअरचा शेवट वळणाच्या तोंडाशी यावा, मधल्या मोकळ्या रस्त्यावर येऊ नये.

गाण्याची थोडी ओळख असणाऱ्याला हा प्रश्न परका वाटू नये. गायक पट्टी ठरवतो तेव्हा स्वरांमधली अंतरे बदलत नाहीत. षड्जापासून मध्यम जेवढा दूर, तेवढाच तो काळी एकमध्ये असतो आणि पांढरी चारमध्येही असतो. बदलतो तो सगळा सरगम एकदम, आपल्या जागेवरून उचलून. पट्टी चढी घेतली तर मध्य सप्तकात तेज येते, पण तार सप्तकात गळा अपुरा पडतो. उतरती घेतली तर वर मोकळीक मिळते, पण खर्जाच्या बाजूला आवाजाचा प्राण जातो. अंतिम गुणोत्तर ही गाडीची पट्टी आहे. गिअरांमधली अंतरे त्याने जशीच्या तशी राहतात. केवळ सगळी शिडी वर किंवा खाली सरकते. हे साम्य नुसत्या कल्पनेचे नाही. चार सिलिंडरांचे इंजिन ७,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २३३ स्फोट करते, आणि हार्मोनियमच्या काळी पाचची एक पट्टी याच आंदोलनसंख्येची असते. तिसऱ्याचा चौथा गिअर झाला, की फेऱ्या ५,२६०वर येतात आणि आवाज पांढरी चारवर उतरतो. हे अंतर चारास तीन या प्रमाणाचे, म्हणजे षड्ज-मध्यमाचे आहे. आसातली जोडी कोणतीही असो, ही उतरण तीच राहते. फक्त ती रस्त्यावर कोठे ऐकू येईल, ते बदलते.

आणि कानाची फसगतही येथेच होते. अकराव्या वळणातून एखादा कसलेला चालक दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ७०ने बाहेर पडतो असे मानले, तर ४.३०च्या गाडीत त्या क्षणी इंजिनाच्या ५,२०० फेऱ्या होतात. हे इंजिन आपला पूर्ण पीळ ५,५००वर देते, म्हणजे ही जागा उत्तम. नवखा चालक त्याच वळणातून ६२ने बाहेर पडतो आणि त्याला ४,६०० मिळतात. गाडी ओढत नाही, अशी त्याची तक्रार असते. त्याने ४.७८ बसवले, की ६२लाच ५,१०० फेऱ्या होतात. कसलेल्या चालकाच्या कानी जी हाक पडते, जवळजवळ तीच हाक आता त्याच्याही कानी पडते. वेग मात्र ६२च राहतो. रेटा वाढलेला असतो, हे खरे. पण वळणात हरवलेले आठ किलोमीटर कोणत्याही दातेरी चाकाने परत मिळत नाहीत. ते ब्रेक उशिरा सोडण्याच्या धैर्यात किंवा रेषा नीट धरण्याच्या कौशल्यात दडलेले असतात. साहित्यातही चढ्या पट्टीत लिहिलेली वाक्ये पुष्कळदा अशीच असतात: आवाज वेगाचा, गती तीच.

म्हणून या निवडीतले सर्वांत अवघड काम गणिताचे नव्हेच. गणित शाळकरी मुलालाही यावे इतके साधे आहे. अवघड असते ती त्यात घालायची सामग्री. कोणत्या वळणातून आपण किती वेगाने बाहेर पडतो, हा आकडा चालकाला स्मरणातून देता येत नाही. स्मरण नेहमी एखाद्या सुंदर फेरीचेच असते. गाडीत बसवलेल्या नोंदयंत्राने काढलेला वेगाचा आलेख मात्र बाकीच्या फेऱ्याही दाखवतो. त्यात घाबरून लवकर दाबलेला ब्रेक असतो, संकोचाने उशिरा दिलेला ॲक्सिलरेटर असतो. त्या आलेखाकडे पाहून निवडलेले गुणोत्तर आजच्या माणसासाठी असते, आणि तो माणूस बदलावा अशीच तर त्याची धडपड असते. वर्षभराने ६२चे ७० झाले, की ४.७८ची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये लगेच दम टाकील. पुढे मुख्य रस्त्यावर चौथा १६०च्या आत संपेल आणि टोकाशी पाचवा शोधावा लागेल. आजच्या उणिवेला साजेसा आकडा घ्यावा, की उद्याच्या पात्रतेला? पहिला घेतला तर प्रगतीच्या वाटेत आपणच धोंडा ठेवतो. दुसरा घेतला तर ती पात्रता येईपर्यंत रोज अपुरेपण सोसावे लागते. यात जीविताचाही संबंध नसतो असे नाही. १२०च्या वेगात चुकून दुसरा गिअर पडला, तर ४.३०च्या गाडीत चाके इंजिनाला जवळजवळ ९,००० फेऱ्या फिरवतील, ४.७८च्या गाडीत ९,९००. आणि ओढणारे इंजिन नसून चाके असल्याने कोणतीही मर्यादक यंत्रणा ते थांबवू शकत नाही. चढ्या पट्टीत चुकीला जागा कमी असते.

व्यावसायिक शर्यतींत या प्रश्नाची धार बराच काळ बोथट होती. हेवलँडसारख्या इंग्लिश गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरची जोडी स्वतंत्रपणे बदलता येई आणि यांत्रिक मंडळी मार्गागणिक नवी मांडणी करीत. मात्र २०१४मध्ये फॉर्म्युला वनच्या नियमांनी हे बदलले. प्रत्येक संघाने हंगामाआधी आठ गुणोत्तरे जाहीर करावीत आणि तीच सर्वत्र वापरावीत, असे ठरले. त्या पहिल्या वर्षी एकदाच फेरबदलाची मुभा होती. मोनॅकोच्या ३.३ किलोमीटरांच्या अरुंद गल्ल्या आणि मोन्झाचे ५.८ किलोमीटरांचे वेगवान रान यांना एकच शिडी. अफाट साधनसंपत्तीच्या कारखान्यांवरही अखेर हौशी माणसाचीच अवस्था ओढवली. जे सर्वत्र चालेल ते कोठेच सर्वोत्तम नसेल, हे आधी मान्य करून निवड करायची.

हौशी माणसाच्या हिशेबात आणखी एक रस्ता असतो, आणि तो म्हणजे घरी परत जाण्याचा. त्याची गाडी ट्रेलरवर चढत नाही; ज्या चाकांनी दिवसभर कॉर्कस्क्रू उतरला, त्याच चाकांनी ती संध्याकाळी महामार्गाला लागते. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला ४.१०च्या गाडीत ३,०५०च्या वर फेऱ्या होतात, ४.३०च्या गाडीत ३,२०० आणि ४.७८च्या गाडीत ३,५५०हून अधिक. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. दोन तास उघड्या छताखाली बसल्यावर तो क्षुल्लक राहत नाही. शिवाय टायर झिजतो. त्याचा सहा मिलिमीटर थर गेला, की त्रिज्या दोन टक्क्यांनी घटते आणि गाडी न विचारता थोडी चढ्या पट्टीत जाते, ४.१० आणि ४.३० यांच्यातले जवळजवळ निम्मे अंतर रबरच खाऊन टाकते. इतक्या जपून निवडलेला आकडाही असा मोसमागणिक हलत असतो.

हे सारे तोलून पाहणारा जुन्या गाडीचा मालक बहुधा दणकट डबा घेतो आणि त्यात ४.३०ची जोडी बसवतो, म्हणजे अभियंत्यांनी १९८९मध्ये दिलेल्या आकड्याकडे परत येतो. वरवर पाहता काहीच बदललेले नसते. मधल्या काळात पैसे मात्र गेलेले असतात. पण आधी तो आकडा त्याला मिळालेला होता, आता त्याने तो निवडलेला असतो. आपले इंजिन किती देते, आपला हात किती धीराचा आहे, आपल्याला घरी किती दूर जायचे आहे, या तिन्ही प्रश्नांना त्याने उत्तर दिलेले असते. ज्यांची उत्तरे निराळी, त्यांनी निराळा आकडा घ्यावा. केवळ आवाजासाठी मात्र घेऊ नये.

मग जोडी बसवली जाते. दातांना रंग लावून त्यांचा परस्परांवर उमटणारा ठसा पाहिला जातो. दोन दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राखावी लागते. कमी झाली तर दात तापतात, जास्त झाली तर आपटतात. डबा बंद होतो, तेल भरले जाते. शर्यतीच्या दिवशी जेवणाच्या सुटीत हे बदलता येत नाही. यानंतर तो आकडा कोणालाही दिसणार नसतो. गाडीच्या अंगावर तो लिहिलेला नसतो, आणि कठड्यावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चालकाला मात्र तो प्रत्येक फेरीत रस्त्यावरच वाचता येतो: अकरावे वळण मागे पडल्यावर काटा लाल रेघेला टेकतो आणि हात दांड्याकडे जातो, तेव्हा गाडी ज्या जागी पोहोचलेली असते त्या जागी.